केएस जीनचा बँड आला म्हणून कॅन्सरचं औषध सापडलं असं होत नाही

परभणीकडच्या कापसाच्या रानातून स्ट्रेप्टोमायसिस हा मातीतला जिवाणू काढलास, पीसीआरला (जीनच्या प्रती काढून तो आहे का बघायची टेस्ट) टाईप टू पीकेएसच्या (पॉलिकेटाइड सिंथेज, कार्बनच्या साखळ्या बनवणारा एन्झाइमचा संच) केएस जीनचा बँड आला, आणि आता "हा जिवाणू कॅन्सरविरोधी अँटिबायोटिक बनवतो" असं डेझर्टेशनमध्ये लिहू का म्हणून विचारायलास. नको लिहू भावा. काम चांगलंच केलंयस, पण तो बँड तेवढं सांगत नाही.

केएस म्हणजे केटोसिंथेज हे एन्झाइम, ते फक्त कार्बनची साखळी वाढवतं. स्ट्रेप्टोमायसिसच्या स्पोरला जो करडा रंग येतो ना, तो बनवायलाही बऱ्याच वेळा ह्याच जातीचं केएस असतं, आणि टेट्रासायक्लिनलाही हेच. म्हणजे तुझा बँड नुसत्या रंगाच्या जीनचाही असू शकतो.

डॉक्सोरुबिसिन ह्या कॅन्सरच्या औषधाचंच बघ. स्ट्रेप्टोमायसिस प्युसेटियसमधे डीपीएस नावाची पीकेएस एन्झाइम्स एका प्रोपिओनिल-कोएला (तीन कार्बनचा तुकडा) नऊ मॅलोनिल-कोए (प्रत्येकी दोन कार्बन देणारे) जोडत जातात, 21 कार्बनची साखळी होते, तिच्या घड्या पडून रिंगा बनतात, पण इथवर औषध काहीच नाही. पुढं डीएनआर-एस हे ग्लायकोसिलट्रान्सफरेज, सोबतीला डीएनआर-क्यू, असे दोघं मिळून डॉनोसामाइनची साखर लावतात. रिंगा डीएनएच्या बेसपेअरच्या मधे घुसतात आणि साखर बाहेरून मायनर ग्रूव्हमधे, म्हणजे डीएनएच्या अरुंद खाचेत, बसून पकड घट्ट करते, म्हणून साखर लई महत्त्वाची. शेवटी डॉक्स-ए, हे सायटोक्रोम पी450, डॉनोरुबिसिनच्या 14 नंबरच्या कार्बनवर एक ओएच बसवतं की झालं डॉक्सोरुबिसिन. एवढ्याशा फरकानं पहिलं मुख्यतः ब्लड कॅन्सरला आणि दुसरं स्तनाच्या कॅन्सरलाही चालतं. डॉक्स-ए कामाला इतकं ढिलं की कंपन्या डॉनोरुबिसिन घेऊन पुढची स्टेप केमिकलनंच करतात. आणि जिवाणू स्वतः मरू नये म्हणून डीआरआर-ए, डीआरआर-बी हा पंप माल बाहेर फेकत राहतो.

म्हणून जमलं तर सगळा जीनोम वाचून घेऊन अँटीस्मॅशमधे (असे जीनचे गट शोधणारं सॉफ्टवेअर) टाक आणि केएसच्या शेजारी ग्लायकोसिलट्रान्सफरेज, डीऑक्सिशुगरचे जीन, पी450, पंप असं काही आहे का बघ. जीनोमला पैसे नसतील तर ब्रॉथचा (जिवाणू वाढवलेल्या द्रवाचा) इथाइल अ‍ॅसिटेट अर्क काढून एमटीटी (पेशी किती जगल्या ते सांगणारी टेस्ट) कर, पण कॅन्सर सेललाइनसोबत नॉर्मल सेललाइनही ठेव, नाहीतर सगळंच मारणारं विष आणि औषध ह्यातला फरक कळणार नाही. अर्क अल्कलीत डॉक्सोरुबिसिनसारखा लालाचा निळा-जांभळा झाला म्हणून हुरळू नकोस, अ‍ॅक्टिनोऱ्होडिन हे दुसरं रंगीत अँटिबायोटिकही तसंच करतं. सध्या "टाईप टू पीकेएस जीन असलेला आयसोलेट" एवढंच लिही, एक्सटर्नल परीक्षकापुढं तेवढं टिकतं.