पोचपावतीच्या आधारे जर्मनीत परत प्रवेश मिळतो का?

प्रश्न : मी ड्रेस्डेन येथे एम.एस.च्या तिसऱ्या सत्रात शिकत आहे. माझ्या निवास परवान्याच्या कार्डाची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. मुदतवाढीचा अर्ज मी २८ ऑगस्टलाच ऑनलाइन भरला असून त्याची पोचपावती ईमेलने आली आहे; मात्र कार्यालयाकडून भेटीची तारीख अजून मिळालेली नाही. नाशिकला माझ्या वडिलांची बायपास शस्त्रक्रिया ६ ऑक्टोबरला ठरली आहे. २ ऑक्टोबरला निघून १० नोव्हेंबरला परत यावे, असा विचार आहे. पोचपावती दाखवली की परत येऊ देतात, असे एक मैत्रीण सांगते. हे खरे आहे का?

उत्तर : मैत्रिणीचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि त्या अर्ध्यावर विसंबून तुम्ही विमानात बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरे काय ते आधी सांगतो. जर्मनीच्या निवास कायद्याच्या कलम ८१, पोटकलम ४ प्रमाणे, हातातल्या परवान्याची मुदत संपण्यापूर्वी मुदतवाढीचा अर्ज केला असेल, तर त्यावर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असेच कायदा धरून चालतो. तुम्ही दीड महिना आधी अर्ज केला आहे. त्यामुळे १५ ऑक्टोबरनंतरही तुमचे वास्तव्य कायदेशीर राहील, शिक्षण चालू ठेवता येईल आणि वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभाही पूर्वीसारखीच राहील. हा हक्क अर्ज वेळेत केल्यामुळे मिळतो. त्यासाठी वेगळा कागद लागत नाही. जर्मनीत राहायचे असते, तर माझे उत्तर इथेच संपले असते.

परंतु हक्क असणे वेगळे आणि तो मुंबईच्या विमानतळावर मध्यरात्री सिद्ध करता येणे वेगळे. योग्य कागदपत्रे नसलेल्या परदेशी प्रवाशाला जर्मनीत आणण्यास याच कायद्याचे कलम ६३ विमान कंपन्यांना मनाई करते, म्हणून तुमची पहिली परीक्षा फ्रँकफर्टच्या सीमा पोलिसांपुढे नव्हे, तर बोर्डिंग पास देणाऱ्या काउंटरवर होते. तिथल्या कर्मचाऱ्याला दिसेल ते एवढेच की, कार्डावर १५ ऑक्टोबर छापले आहे आणि आज १० नोव्हेंबर आहे. ईमेलच्या छापील प्रतीवर ना शिक्का ना अधिकाऱ्याची सही. तिच्या जोरावर तो तुम्हाला सोडणार नाही आणि त्याला दोषही देता येणार नाही.

तिथे चालतो तो दाखला वेगळा असतो. त्याला जर्मनमध्ये ‘फिक्टिओन्सबेशायनिगुंग’ म्हणतात आणि अर्ज प्रलंबित असताना तो परदेशी नागरिक कार्यालय, म्हणजे आपली मुले ज्याला ‘फॉरेनर्स ऑफिस’ म्हणतात ते, देते. हा घडीचा कागद हातात आला की घरी नेऊन फाइलमध्ये ठेवू नका, तिथेच उघडून पाहा. आत तीन चौकटी असतात. पहिली चौकट ‘वास्तव्याला परवानगी आहे असे मानले जाते’ अशी असते. तिच्यावर खूण असेल तर जर्मनीत राहता येते, पण एकदा देश सोडल्यावर त्या कागदावर परत येता येत नाही. दुसरी मुदत उलटल्यावर अर्ज करणाऱ्यांसाठी असते. तुम्हाला हवी ती तिसरी : ‘निवास परवाना चालू आहे असे मानले जाते’, आणि तिच्यापुढे कलम ८१, पोटकलम ४ चा उल्लेख असतो. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याच्या दाखल्यावर चुकून पहिल्या चौकटीत खूण झाली होती. त्याने ती निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पाहिली आणि भावाच्या लग्नाला त्याला जाता आले नाही. ती चूक कार्यालयाच्या काउंटरवरच दाखवली असती, तर पाच मिनिटांत दुरुस्त झाली असती.

दाखल्याला स्वतःची मुदत असते. ती १० नोव्हेंबरच्या पुढे निदान दोन-तीन आठवडे असावी, कारण शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला घरी सोडण्याची तारीख आपल्या हातात नसते. जुने कार्ड आणि पासपोर्ट दाखल्याबरोबरच ठेवा. जुने कार्ड आता निरुपयोगी झाले असे समजून ते कुणाकडे जमा करू नका.

आता हा दाखला २ ऑक्टोबरपूर्वी मिळवायचा कसा? कलम ८१, पोटकलम ५ मध्ये तो ‘द्यावा’ असे म्हटले आहे, ‘देता येईल’ असे नव्हे. म्हणजे तुम्ही कुणाची मेहेरबानी मागत नाही. रुग्णालयाकडून शस्त्रक्रियेची तारीख लिहिलेले पत्र घ्या, शक्यतो इंग्रजीत, सोबत त्याचा जर्मन अनुवाद जोडा आणि ‘तातडीचा प्रवास’ असे विषयातच लिहून कार्यालयाला ईमेल करा. त्यात अर्जाची तारीख, पोचपावतीचा क्रमांक आणि कलम ८१ ची पोटकलमे ४ व ५ यांचा उल्लेख करा. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागालाही प्रत पाठवा; त्यांनी केलेल्या एका फोनने अडलेली भेट मिळाल्याचे मी पाहिले आहे. आठवडाभरात हालचाल झाली नाही, तर प्रशासकीय न्यायालयाकडे तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो आणि त्या पातळीवर वकील नेमणे सक्तीचे नाही. वडिलांच्या शस्त्रक्रियेचे पत्र जोडलेला अर्ज असेल, तर हे पाऊल उचलताना संकोच करू नका.

तरीही दाखला मिळालाच नाही, तर मी तुम्हाला छोटी फेरी सुचवीन. कार्ड १५ ऑक्टोबरपर्यंत चालते, म्हणून २ तारखेला निघून १२ ऑक्टोबरपर्यंत जर्मनीत पाऊल ठेवायचे. तीन दिवस हाताशी ठेवायचे, कारण उड्डाण रद्द झाले तर ती सबब सीमेवर चालत नाही. शस्त्रक्रियेनंतर सहा दिवसांत वडिलांना सोडून निघायचे हे किती जड जाईल, याची मला जाणीव आहे. पण ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही तिथे असाल आणि दाखला मिळताच पुन्हा जाता येईल.

दाखल्याविना गेलात आणि कार्ड भारतातच संपले, तर हक्क बुडत नाही, पण वाट लांबते. एखाद्या मैत्रिणीला अधिकारपत्र देऊन तिच्यामार्फत दाखला घेता येईल का, हे कार्यालयाला विचारावे लागते. तेही जमले नाही, तर मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावासाकडे नव्याने राष्ट्रीय व्हिसाचा अर्ज करावा लागतो. त्यात काही आठवडे सहज जातात आणि १ ऑक्टोबरला सुरू झालेले हिवाळी सत्र तुमच्यासाठी थांबत नाही. शिवाय व्हिसा नाकारला गेल्यास दूतावासाकडेच फेरविचार मागण्याची जुनी सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे; नवा अर्ज किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, एवढेच उरते.

भाडे वाचवण्यासाठी खोली सोडून नगरपालिकेच्या दफ्तरी ‘शहर सोडले’ अशी नोंद करण्याचा मोह होईल. ते करू नका. तात्पुरत्या नसलेल्या कारणासाठी देश सोडला, तर कलम ५१ प्रमाणे परवाना आपोआप संपतो आणि अशी नोंद तुमच्याविरुद्ध पुरावा ठरू शकते. त्यापेक्षा घरमालकाची लेखी संमती घेऊन महिनाभर पोटभाडेकरू ठेवा. सहा महिन्यांत न परतल्यासही परवाना संपतो, पण तुमचा बेत त्याच्या जवळपासही जात नाही.

निघण्यापूर्वी मुदतवाढीची फाइल पूर्ण आहे याची खात्री करा : चालू सत्राच्या प्रवेशाचा दाखला, आरोग्य विमा आणि महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने निर्वाहाचा पुरावा. अर्जावर निर्णय झाला की जुना परवाना चालू मानण्याची सोय त्या दिवशी थांबते आणि तुम्ही नाशिकला असताना नकार आला, तर परतीचा आधारच जातो. असे निर्णय आणि जादा कागद मागणारी पत्रे बहुधा टपालाने येतात. म्हणून पत्रपेटीवर तुमचे नाव राहू द्या, किल्ली शेजारच्या खोलीतल्या कुणाकडे तरी द्या आणि कार्यालयाचा लिफाफा आला की त्याच दिवशी उघडून फोटो पाठवायला सांगा. नकाराविरुद्ध दाद मागायला साधारणपणे एकच महिना मिळतो.

तिकीट मुंबई ते फ्रँकफर्ट किंवा म्युनिक असे थेट घ्या, वाटेत दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्याला हा जर्मन कागद समजावत बसावे लागणार नाही. परतीची तारीख मात्र तिसऱ्या चौकटीतली खूण डोळ्यांनी पाहिल्यावरच १० नोव्हेंबर करा. तोपर्यंत १२ ऑक्टोबरचेच आरक्षण ठेवा.