पोट साफ झालं का?

काकांनी पिशवीतून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. दोनशे पानी, शाळेची. रोजची तारीख, वेळ आणि पुढे ‘साफ’, ‘अर्धवट’ नाहीतर ‘नाही’. ‘नाही’च्या दिवशी काका घराबाहेर पडत नसत. पुतणीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले नाहीत, तेव्हा मुलगी त्यांना माझ्याकडे समुपदेशनासाठी घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघालं नव्हतं. ते आधी झालं होतं हे बरं. शौचातून रक्त, विनाकारण उतरणारं वजन, उतारवयात अचानक बदललेली सवय ही माझ्या खुर्चीसमोर आणायची दुखणी नव्हेत.

“कालचं जेवण आत सडतं हो, मॅडम.” खरी भीती ही होती. म्हणून रोज रात्री चूर्ण आणि सकाळी पाऊण तास संडासात. घरात संडास एकच, त्यामुळे सूनबाईंचंही एक म्हणणं होतं, ते सोडा.

“आज सकाळी बाहेर पडलं ते कधीचं जेवण, काका?”

“कालचंच की!”

बहुतेक परवाचं. जठर रिकामं व्हायला चारेक तास, पुढे सुमारे सहा मीटर लहान आतड्यातून जायला आणखी काही तास. खरा मुक्काम दीड मीटरच्या मोठ्या आतड्यात, एखाद-दोन दिवसांचा. तिथे पाणी शोषलं जातं, आणि लहान आतड्यात न पचलेल्या चोथ्यावर जिवाणू ताव मारतात. याला सडणं म्हणत नाहीत, हे पचनातलंच काम आहे. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढा पल्ला डॉक्टर सर्वसाधारण मानतात.

चूर्णात होती सोनामुखी. ती मोठ्या आतड्याला ढवळून दोन दिवसांचा ऐवज एकदम बाहेर काढते. मग दुसऱ्या दिवशी आत उरणार काय? वहीत ‘नाही’. रात्री पुन्हा चूर्ण. मी पानावर बोट ठेवून दाखवलं: ‘साफ’च्या खाली ‘नाही’, पुन्हा ‘साफ’च्या खाली ‘नाही’. काका बराच वेळ आपल्याच अक्षराकडे पाहत राहिले.

डॉक्टरांशी बोलून चूर्ण हळूहळू कमी केलं. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलतं, म्हणून बसायचं ते नाश्त्यानंतर, दहाच मिनिटं. कुंथायचं नाही. चूर्ण सुटल्यावर एक गृहपाठ दिला: रविवारी मक्याचं कणीस खायचं आणि दाण्यांची वाट पाहायची. दाण्यांची सालं पचत नाहीत, ती तशीच दिसतात.

मंगळवारी फोन आला. “मॅडम, एकोणचाळीस तास!” आवाजात शास्त्रज्ञाचा थाट.

मधल्या सोमवारी वहीत ‘नाही’ होतं. त्या दिवशी बाबा मंडईत जाऊन मेथीच्या दोन जुड्या घेऊन आले, असं मुलीने नंतर सांगितलं.