‘पानी’ ऐकू येईल तेव्हा

पुणे

अनेक आशीर्वाद.

सोमवारी तू पहिल्यांदा परीक्षकाच्या खुर्चीत बसणार. ‘मी कुणात भेदभाव करत नाही,’ असं तू परवा ठामपणे म्हणालीस, तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. मीही असंच म्हणायचो, अगदी मनापासून.

बऱ्याच वर्षांपूर्वी परभणीकडची एक मुलगी तोंडी परीक्षेला माझ्यासमोर होती. ‘पाझर तलाव पानी साठवायला नसतो सर, जिरवायला असतो,’ म्हणाली. उत्तर नेमकं होतं. पुढेही दर वाक्यात ‘पानी’. मी २० पैकी ११ दिले, शेरा लिहिला, ‘तयारी कमी’. ती बाहेर गेल्यावर सहपरीक्षक बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. ‘कुठलं उत्तर चुकलं हो?’ मला एकही सांगता येईना.

सदाशिव पेठेतल्या घरात आजीने माझा ‘ण’ घोटून घेतला असणार, पण मला ते आठवतही नाही. म्हणून तो शिकवलेला वाटत नाही, बरोबर वाटतो. त्यात प्रमाण मराठी पुण्याच्या बोलण्यावर उभी राहिलेली. आपलीही एक बोलीच आहे, हे आपल्या ध्यानात येणार कसं?

मानसशास्त्रज्ञ जोन मिलर यांचा १९८४ चा अभ्यास जरूर वाच. ओळखीतलं माणूस असं का वागलं, हे त्यांनी शिकागोत आणि म्हैसुरात विचारलं. शिकागोची मोठी माणसं जास्त करून स्वभाव सांगत, म्हैसूरची परिस्थिती. आठ वर्षांच्या मुलांत मात्र हा फरक जवळपास नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. परिस्थिती बघायची ही सवय चांगलीच, पण मी तरी ती सवलत आधी आपल्या माणसांना देतो. ‘आपला तो बाळ्या’ ही म्हण तोंडपाठ असूनही.

आणि आपल्याकडे मोठ्यांना टोकायची रीत नाही. त्या बाई माझ्याहून वयाने मोठ्या होत्या, म्हणून बोलल्या. तुझ्यासोबत कुणी लहान असेल, तर ‘मला अडव’ असं आधीच सांग. एकदा सांगून भागत नाही, दोन-तीनदा सांग. आकड्याआधी शेरा लिही, आणि त्यात चुकलेलं उत्तर लिही. ते सापडलं नाही, तर गुण कापू नकोस.

त्या मुलीचे गुण मी तिथेच १७ केले. आदल्या दिवशीच्या मुलांचे कागद तोवर ऑफिसात जमा झाले होते.

तुझा,
सर