वाचकांचे प्रश्न : गावच्या बारवेच्या आठवणी कशा नोंदवाव्यात?

प्रश्न : आमच्या गावाबाहेर जुनी दगडी बारव आहे. गेल्या उन्हाळ्यात तरुणांनी श्रमदान करून तिच्यातील गाळ आणि झुडपे काढली. आता तिचा इतिहास लिहून ठेवावा, असा विचार आहे. परंतु कागदपत्रे हाती लागत नाहीत. पारावर विचारले तर कोणी ती अहिल्याबाईंनी बांधली असे सांगतो, कोणी हेमाडपंती म्हणतो, तर कोणी भुतांनी एका रात्रीत बांधल्याचे सांगतो. वयस्कर मंडळींना सालेही नीट आठवत नाहीत. यातील खरे काय धरावे?
– एक शिक्षक, परभणी जिल्हा

उत्तर : बारव कोणी बांधली, हा प्रश्न आपण तूर्त बाजूला ठेवावा, असे आम्ही सुचवू. त्याचे उत्तर आज हयात असलेल्या कोणाच्याही आठवणीत असणे शक्य नाही. ते मिळालेच तर बांधकामात किंवा एखाद्या शिलालेखात मिळेल आणि त्यासाठी जाणकारालाच बोलवावे लागेल. तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्या नावावर आपल्याकडे चुन्याविना रचलेला प्रत्येक काळा दगड घातला जातो. अहिल्याबाईंनी वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला, ठिकठिकाणी बारवा बांधल्या; तेव्हा त्यांचे नाव जोडले जाणेही स्वाभाविक आहे. ही तिन्ही मते, भुतांचे धरून, ‘गावात असे सांगतात’ या शब्दांत आणि सांगणाऱ्याच्या नावानिशी लिहून ठेवावीत. त्यांचा मेळ घालण्याच्या भरीस पडू नये.

माणसाला आठवतो तो वापर. पाणी कोण भरत असे, मोट चालत होती का, असल्यास धाव (बैलांची ये-जा करण्याची उतरती वाट) आणि थारोळे (मोट रिकामी होते ते कुंड) कोणत्या बाजूला होते, उन्हाळ्यात पाणी कितव्या पायरीपर्यंत उतरे, असे विचारल्यास बोलणे आपोआप पुढे सरकते. मात्र पारावर बसणारे बहुधा पुरुषच असतात आणि घागरी वाहिल्या त्या बायकांनी. साठ वर्षांपूर्वी सून म्हणून गावात आलेल्या आजींना शक्य असल्यास बारवेपाशीच नेऊन बसवावे. त्यांना जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्याही, त्यांच्याच बोलीत, शब्द न सुधारता उतरवून घ्याव्यात.

आजींना नारूबद्दल, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून होणाऱ्या जंताच्या रोगाबद्दल, अवश्य विचारावे. नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी, जखमेतून जंताच्या अळ्या पाण्यात उतरत आणि तेच पाणी गाव पीत असे. म्हणून १९८३-८४ पासूनच्या निर्मूलन मोहिमेत पायऱ्यांच्या विहिरींना कठडे घालून त्या शेंदायच्या विहिरी करण्यावर भर होता. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. आपल्या बारवेच्या पायऱ्या कोठे भिंत घालून अडवलेल्या दिसत असतील, तर ती नासधूस समजून पाडण्याआधी तिची आठवण कोणाला आहे का, हे पाहावे. तोही तिच्या इतिहासाचाच भाग आहे.

याहून अवघड प्रश्न असा, की बारवेत कोणाला उतरू दिले जात नव्हते? या प्रश्नावर पार गप्प होतो, म्हणून तो दलित वस्तीत जाऊन, तेथील वडीलधाऱ्यांसमोर बसून विचारावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले, तेव्हा प्रवेशद्वाराजवळच्या टाक्यातील पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना शिवीगाळ सोसावी लागली आणि पुढे आत कोठेही पाण्याला शिवू नये म्हणून सोबत सशस्त्र पहारेकरी देण्यात आला. हे आज आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांनी स्वतः ते लिहून ठेवले. आपल्या बारवेच्या काठावर घागर घेऊन, कोणी तरी वरून पाणी वाढेल म्हणून ताटकळलेल्या माणसांचे असे लिहिलेले काही नसेल. ते आपल्यालाच लिहायचे आहे.

सालांची चिंता फारशी नको. ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानावर भारतीय फौजांनी कारवाई केली त्या सप्टेंबर १९४८ पूर्वी, आणि बहात्तरचा दुष्काळ तर प्रत्येकाला आठवतो. गावात हापसा कधी आला आणि त्यानंतर बारव किती वर्षांत ओस पडली, हेही त्याच खुणांवरून लावता येईल. निजामी काळातील एखादा उर्दू किंवा मोडी कागद कोणाच्या पेटीत निघाला आणि त्यावर फसली सन, म्हणजे निजामी महसुली वर्ष, असेल, तर त्यात ५९० मिळवावेत. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, काळाबद्दल विचारताना एवढेच पाहावे, की पोलीस ॲक्शननंतर मुस्लिम घरांवर काय गुदरले, हेही त्याच वहीत यावे. अशा आठवणी ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि एखाद्याने ‘हे माझ्या माघारी छापा’ असे सांगितले तर ते पाळावे.

लिहून झाल्यावर प्रत्येकाला त्याचा मजकूर वाचून दाखवावा. पुष्कळदा खरी आठवण तेव्हाच निघते, ‘असं नव्हतं गुरुजी’ या शब्दांपाठोपाठ. वहीची एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत ठेवावी. तिसरी गावाबाहेर, एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे द्यावी, कारण पंचायतीची कपाटे आणि वाळवी यांचे सख्य आपण जाणताच.