‘खोटी दुखापत’, ‘बनावट दुखापत’ की ‘दुखापतीचे सोंग’?

अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी तिथल्या कॉलेज फुटबॉलमधील नियमबदलाची बातमी आपल्या मराठी मंडळाच्या पत्रिकेसाठी लिहिली आणि तिला ‘खोट्या दुखापतींवर बंदी’ असा मथळा दिला. मुद्रितशोधन करणाऱ्या गृहस्थांनी ‘खोटी दुखापत’ इंग्रजी वळणाची वाटते म्हणून ती कापली आणि ‘बनावट दुखापत’ सुचवली. बाईंना तेही पटले नाही. तेव्हा ढोंग, नाटक, बहाणा, कांगावा यांतला कोणता शब्द घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी एक प्रसंग सहज म्हणून लिहिला आहे. साताऱ्याहून त्यांच्याकडे राहायला आलेल्या त्यांच्या आई शनिवारी नातवाबरोबर सामना पाहत बसल्या होत्या. बचाव करणाऱ्या संघातला एक दांडगा खेळाडू चाल संपल्यावर उठून उभा राहिला, त्याने बाकाकडे पाहिले आणि मग गुडघा धरून तो हळूच खाली बसला. खेळातले ओ की ठो ठाऊक नसलेल्या आजी म्हणाल्या, “आत्ता तर धडधाकट उभा होता की. सोंग घेतलंय मेल्यानं.”

माझ्या मते प्रश्नाचे उत्तर आजींनी देऊन ठेवले आहे. ते बरोबर का, हे समजण्यासाठी आधी मैदानावर काय घडते ते पाहिले पाहिजे, कारण शब्दाची निवड त्यावरच ठरते.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळ तुकड्यातुकड्यांनी चालतो. एक चाल संपली की पंच चेंडू पुढच्या चालीच्या जागी ठेवतात आणि चढाई करणारा संघ साधारणपणे कोंडाळे करून पुढचा बेत ठरवतो. गेल्या काही वर्षांत अनेक संघांनी हे कोंडाळेच सोडून दिले. चाल संपताच ते पुन्हा ओळीत उभे राहतात आणि समोरच्यांना दम खायला किंवा खेळाडू बदलायला वेळ देत नाहीत. अशा वेळी बचाव करणाऱ्यांपैकी एकजण खाली बसला की पंचांना घड्याळ थांबवावे लागते. वैद्यकीय पथक मैदानात येते, बाकीच्यांचा श्वास जागेवर येतो आणि चढाईची लय मोडते. खाली बसलेल्या खेळाडूने एक चाल बाहेर काढायची, एवढीच त्याची किंमत होती. (‘कॉलेजचे सामने’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे रिकामे मैदान येते, म्हणून सांगतो की मिशिगन विद्यापीठाच्या मैदानाची आसनक्षमता एक लाखाहून अधिक आहे. या खेळात मोडलेल्या लयीचे मोल फार मोठे असते.)

आता शब्दांकडे येऊ. ‘खोटी’ आणि ‘बनावट’ ही विशेषणे ज्या वस्तूला लागतात ती वस्तू समोर असते. खोटे नाणे हातात घेता येते, बनावट नोट उजेडात धरून पाहता येते. गुडघा धरून बसलेल्या खेळाडूला मात्र दुखापतच नसते, मग ती खोटी किंवा बनावट कशी असणार? ‘खोटं आजारपण’ आपण बोलतो हे खरे, आणि म्हणून ‘खोटी दुखापत’ला मी अशुद्ध म्हणणार नाही. बोलण्यात ती चालून जाईल. ‘बनावट दुखापत’ मात्र मला खटकते, कारण बनावट म्हटले की काहीतरी बनवलेले असावे लागते. त्या शब्दाला चपखल बसणारे उदाहरण रग्बीत सापडते. एप्रिल २००९ मध्ये लंडनच्या हार्लेक्विन्स संघाच्या टॉम विल्यम्सने लेन्स्टरविरुद्धच्या सामन्यात नकली रक्ताची कुपी तोंडात फोडली, कारण रक्त आलेल्या खेळाडूच्या जागी आधी बाहेर गेलेला खेळाडू परत आणता येत असे. ती खऱ्या अर्थाने बनावट जखम होती. पुढे ही बनवेगिरी झाकण्यासाठी त्याच्या ओठाला खरोखरच काप देण्यात आला आणि प्रशिक्षक डीन रिचर्ड्स यांच्यावर ३ वर्षांची बंदी आली.

‘कांगावा’ हा शब्द मला फार आवडतो, पण तो इथे लावू नये. कांगाव्यात स्वतःला काही झाल्याचा आरडाओरडा तर असतोच, शिवाय दुसऱ्यावर आळही असतो. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये गोलक्षेत्रात धक्का न लागताच खेळाडू कोलमडतो, पंचांकडे हात करतो आणि पेनल्टी मागतो. तो कांगावा आहे, आणि त्यासाठी पिवळे कार्ड दाखवले जाते. अमेरिकन फुटबॉलमधला हा खेळाडू कोणावरही आळ घेत नाही, त्याला फक्त वेळ हवा असतो. दोन्ही खेळांतल्या बातम्यांसाठी एकच शब्द वापरला तर हा भेद पुसला जातो.

‘बहाणा’ फारसीतून आला. तो बहुधा तोंडाने सांगितला जातो आणि काहीतरी टाळण्यासाठी असतो. पोटदुखीचा बहाणा करून शाळा चुकवता येते, पण चोवीस कॅमेऱ्यांसमोर गुडघा धरून लोळणाऱ्याला तो शब्द अपुरा पडतो. ‘नाटक’ चालेल, मात्र लिखित मराठीत ते थोडे सैल वाटते. ‘ढोंग’ माणसाच्या वृत्तीवर बोट ठेवते. एकदा ढोंग केले की माणूस ढोंगी ठरतो, आणि एका चालीसाठी, बहुतेकदा बाकावरून आलेल्या खुणेसरशी, खाली बसलेल्या वीस वर्षांच्या मुलाला तो शिक्का मारणे मला अन्यायाचे वाटते.

‘सोंग’ या शब्दात हा दोष नाही. आपल्याकडे सोंगी भारूड आहे, तमाशात सोंगाड्या आहे, जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात देवादिकांची सोंगे वाजतगाजत निघतात. सोंग म्हणजे काही वेळापुरते, पाहणाऱ्यांसाठी, अंगाने घेतलेले रूप, आणि ते संपले की माणूस पुन्हा आपल्या मूळ रूपात येतो. एक चाल बाहेर बसून लगेच धावत परतणाऱ्या खेळाडूचे याहून नेमके वर्णन मराठीत सापडणार नाही. शब्दाला निंदेची छटाही देता येते, जशी ‘झोपेचे सोंग’मध्ये आहे, पण ती वाक्य ठरवते. क्रियापद ‘घेणे’ किंवा ‘आणणे’ वापरावे. ‘सोंग करणे’ लोक म्हणतात, पण ‘झोपेचे सोंग घेतले’ आणि ‘आजाराचे सोंग आणले’ हीच रुळलेली रूपे आहेत.

बाईंनी विचारलेला नाही असा एक शब्द मला याहून जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो म्हणजे मथळ्यातला ‘बंदी’. अमेरिकेच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, २०२५ च्या हंगामापासून आणलेला नियम असा : पंचांनी पुढच्या चालीसाठी चेंडू जागेवर ठेवल्यानंतर एखाद्या खेळाडूला तपासण्यासाठी वैद्यकीय कर्मचारी मैदानात आले, तर त्या संघाचा एक टाइमआउट, म्हणजे खेळ थांबवून घेण्याची हक्काची संधी, खर्ची पडतो, आणि टाइमआउट शिल्लक नसेल तर खेळाला विलंब केल्याबद्दल ५ यार्डांचा दंड होतो. प्रत्येक अर्ध्यात संघाला ३ टाइमआउट मिळतात, त्यामुळे त्यांतला एक गमावणे प्रशिक्षकाला चांगलेच झोंबते. मात्र या नियमात सोंगाचा निवाडा कुठेही नाही. दुखापत खरी असली तरी टाइमआउट जातोच. पंचाने खेळाडूच्या मनात शिरावे, अशी अपेक्षाच नियमकर्त्यांनी ठेवलेली नाही. खेळाडू चेंडू ठेवण्याआधी खाली होता की नंतर बसला, एवढेच पाहायचे. ज्याला खरोखर लागले आहे तो चाल संपते तिथेच बहुधा पडून राहतो, हा त्यामागचा साधा तर्क आहे.

मग याला ‘बंदी’ कसे म्हणता येईल? बंदी कृत्यावर असते आणि ते कृत्य सिद्ध व्हावे लागते. तसे काही पाहायचेच असेल तर साउथईस्टर्न कॉन्फरन्स या बलाढ्य संघगटाने २०२४ मध्ये काढलेले पत्रक पाहावे. दुखापतीचे सोंग होते असे चित्रफितीच्या तपासणीत ठरल्यास मुख्य प्रशिक्षकाला पहिल्या वेळी जाहीर ताकीद आणि ५० हजार डॉलर दंड, दुसऱ्या वेळी १ लाख डॉलर आणि तिसऱ्या वेळी पुढच्या सामन्यातून निलंबन, असे त्यात म्हटले होते. तिथे सोंग हाच अपराध होता, म्हणून ‘सोंगाला दंड’ हा मथळा त्या पत्रकाला शोभला असता. एनसीएएच्या नियमासाठी ‘आळा’ हा शब्द योग्य आहे, कारण आळा घालताना कृत्य नाहीसे करायचे नसते, ते महाग करायचे असते. ‘पायबंद’ही चालेल, घोड्याच्या पायांना बांधायच्या दोरीवरून आलेला तो शब्द थोडा अधिक कडक आहे इतकेच. ‘परावृत्त करणे’ वापरायचे असेल तर कर्म माणूस हवे : प्रशिक्षकांना सोंगापासून परावृत्त करता येते, सोंगाला परावृत्त करता येत नाही.

एका जागी मात्र ‘सोंग’ही जपून वापरावे. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात बांगलादेशविरुद्ध पावसाची चिन्हे दिसू लागल्यावर अफगाणिस्तानच्या प्रशिक्षकांनी खेळ संथ करण्याची खूण केली आणि स्लिपमध्ये उभा असलेला गुलबदिन नैब पाय धरून खाली कोसळला. पायात गोळा आला होता, असे त्याचे म्हणणे. अशा वेळी ‘सोंग घेतले’ हे विधान बातमीदाराने स्वतःच्या तोंडी घेऊ नये, ‘सोंग घेतल्याचा संशय व्यक्त झाला’ असे लिहावे. आजींना दिवाणखान्यात बसून जे म्हणायची मुभा आहे ती छापील मजकुराला नाही.

तेव्हा बाईंच्या बातमीचा मथळा मी असा देईन : ‘दुखापतीच्या सोंगांना आळा : कॉलेज फुटबॉलमध्ये आता टाइमआउटची किंमत’. त्याखालच्या मजकुरात खऱ्या दुखापतीतही टाइमआउट जातो, हे वाक्य त्यांनी पहिल्याच परिच्छेदात घ्यावे.