‘हेअर’ हा शब्द वापरताना

मराठीत डोक्यावरचे ‘केस’ अनेकवचनी क्रियापद घेतात, त्यामुळे नवशिक्यांच्या तोंडी ‘माय हेअर्स आर लाँग’ हे वाक्य सहज येते. पण इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच समूह मानला जातो आणि म्हणून ‘माय हेअर इज लाँग’ असेच म्हणावे. पुढच्या वाक्यात सर्वनाम आणायचे झाल्यास तेही ‘दे’ नव्हे, तर ‘इट’. मात्र सुटा केस मोजता येतो: कोटावर एक केस दिसला तर ‘अ हेअर’, दोन पांढरे केस सापडले तर ‘टू ग्रे हेअर्स’ (पांढऱ्या केसांना इंग्रजीत बहुधा ‘ग्रे’च म्हणतात, हेही ध्यानात असू द्यावे).

याहून महत्त्वाची गोष्ट क्रियापदाची आहे. ‘मी केस कापले’ या मराठी वाक्यावरून ‘आय कट माय हेअर’ असे म्हटले, तर आपण स्वतःच कात्री चालवली असा अर्थ ऐकणारा साधारणपणे घेतो. दुसऱ्याकडून कापून घेतले असतील, तर ‘आय हॅड माय हेअर कट’ किंवा ‘आय गॉट अ हेअरकट’ म्हणावे. ही रचना मोठ्याने म्हणून जिभेवर बसवावी, असे मी आग्रहाने सांगेन.