भिशीचा नंबर लागलाय, एक दिवस स्पाला जाऊ का?

प्रश्न: मी मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, राहायला सांगलीत विश्रामबागला. पगार हातात २६,००० येतो. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत आहेत, घराचा हप्ता आणि किराणा ते बघतात. दोन वर्षं सासूबाईंचं आजारपण काढलं, आता त्या हिंडूफिरू लागल्यात. मला एक दिवस स्वतःसाठी हवाय: फेशियल, हेअर स्पा, पेडिक्युअर, बॉडी मसाज. सलूनवाले ४,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२० सांगतात. वर्षाचं पॅकेज घेतलं तर १५,००० भरून २०,००० ची सेवा मिळते, कार्डावर हप्ते करून देतात. पुढच्या महिन्यात २,००० च्या भिशीचा माझा चौथा नंबर आहे, २४,००० येतील. कार्डाचे ११,००० थकलेत, दर महिन्याला ६०० भरते. जाऊबाई म्हणतात, एवढे पैसे अंगाला चोळायला घालवायचे? घरी आकडा सांगू का नको, तेही कळेना.

उत्तर: ताई, जाऊन या. एकच दिवस, पैसे रोख किंवा यूपीआयने, आणि पॅकेजचं नाव काढायचं नाही. मात्र जाण्याआधी कार्डाचं खातं शून्यावर आणा. तुम्हाला अपराधी वाटतंय ते स्पाच्या खर्चाचं, आणि पैसा गळतोय तो कार्डातून.

हिशोब बघा. बहुतेक क्रेडिट कार्डांवर थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. ११,००० वर ते झालं ३८५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६९, एकूण ४५४. तुम्ही भरता ६००, म्हणजे मुद्दलातून जेमतेम दीडशे कमी होतात. याच चालीनं राहिलात तर वर्षभरात पाच हजारांच्या आसपास नुसतं व्याज आणि कर जाईल. तुमच्या स्पाच्या दिवसाला लागतात त्याहून जास्त, आणि अंगाला साधं तेलसुद्धा न लागता! जाऊबाईंच्या नजरेत हा खर्च येत नाही, कारण तो दिसतच नाही.

दुसरं, थकबाकी असलेल्या कार्डावर नवीन काही स्वाइप केलं तर बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं. म्हणून त्या दिवशी कार्ड घरीच राहू द्या.

आता भिशी. इथे बऱ्याच जणी गफलत करतात. नंबर लागला की २४,००० आपलेच वाटतात. चौथ्या नंबरापर्यंत तुम्ही भरलेले असतात ८,०००. उरलेले १६,००० मैत्रिणींचे, ते पुढच्या आठ महिन्यांत फेडायचेत. फक्त त्यावर व्याज नाही, आणि तीच तुमच्या फायद्याची गोष्ट आहे. या बिनव्याजी पैशातून वर्षाला ४२ टक्क्यांचं कार्डाचं कर्ज फेडणं यासारखा सौदा बाजारात मिळणार नाही. भिशी आली की त्याच दिवशी बँकेला फोन करा, आज खातं पूर्ण मिटवायला किती भरायचे ते विचारा आणि तेवढे भरा. व्याज रोजच्या रोज चढत असल्यामुळे पुढच्या बिलात थोडी शेपूट येईल, तीही लगेच मिटवा. भिशीचे २,००० आजही पगारातून जातातच, कार्डाचे ६०० मात्र सुटतील.

स्पाचा खर्च तुमच्या स्वतःच्या ८,००० मधला धरा. आणि तो ४,७२० नसावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून-पार्लरच्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय. ४,००० वर कर २०० होतो, बिल ४,२००. इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही म्हणून सलूनने मूळ दर वाढवला असेल तर तो त्यांचा प्रश्न, तसं स्पष्ट सांगावं. पण बिलावर १८ टक्के लावता येत नाहीत. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्यामुळे नोंदणी केली नसेल, तर त्यांना जीएसटी घेताच येत नाही. बिलावर जीएसटी नंबर आहे का बघा, नसला तर तसं तोंडावर विचारा.

पॅकेजमध्ये ५,००० वाचतात असं सलूनवाले म्हणतात. ते वाचवायला तुम्हाला वर्षात असे पाच दिवस काढावे लागतील. तुम्हाला हवाय एक. शिफ्ट ड्युटी, त्यात रविवारची बुकिंग आधीच भरलेली; निम्मी सेवा वापरायचीच राहील. शिवाय आगाऊ भरलेले १५,००० म्हणजे तुम्ही त्या सलूनला दिलेलं बिनतारण कर्ज. दुकान बंद झालं किंवा मालक बदलला तर ग्राहक आयोगात जाता येतं, पण तेवढ्यासाठी रजा टाकून तारखांना कोण जाणार? ‘नो कॉस्ट’ हप्ते म्हणाले तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बहुतेक वेळा ग्राहकाच्याच माथी येतो.

खुर्चीत बसल्यावर केसांना केराटिन ट्रीटमेंट सुचवतील, त्वचा बघून तोंड वाकडं करतील. त्यांचं कामच आहे ते. चार सेवांची नावं आणि एकूण रक्कम आधी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या आणि त्यावर ठाम राहा.

उधळपट्टीबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. महिन्यातून दोनदा ढाब्यावर बसणारा पुरुष, हा खर्च योग्य का, असं पत्र मला अजून तरी पाठवत नाही. दोन वर्षं घरात आणि दवाखान्यात दोन्हीकडे रुग्णसेवा करणाऱ्या बाईनं वर्षाच्या पगाराच्या दीड टक्क्याहून कमी खर्चासाठी परवानगी मागावी, हे मला पटत नाही. दरवर्षी जायचं असेल तर महिन्याला ३५० बाजूला टाका, वर्षात ४,२०० होतात. आज यापेक्षा जास्त तर कार्ड खातंय.

२४,००० मधून कार्ड आणि स्पा वजा जाता ८,८०० च्या आसपास उरतील. ते बँकेतच ठेवा, पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं म्हणून तिकडे नेऊ नका. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. ड्युटी बुडाली किंवा घरात दुखणं निघालं तर भिशीचे पुढचे चार हप्ते यातून निघतील.

राहिला शेवटचा प्रश्न. मिस्टरांना ४,२०० बेधडक सांगा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण तुमच्या पत्रावरून मला वाटतंय की ११,००० ची थकबाकीही त्यांना ठाऊक नसावी. तसं असेल तर ती आधी सांगा.